पाणी ओढायची मशीन

...अन् हसता काय वो? हसा, हसा! आमचे मालक, म्हंजी घरधनी वो, बी असेच हसले, पार ठसका लागेस्तोवर! "आठ-आठ दिवस नळाला पाणी न्हाई, अन् तू घरात शिरलेलं पाणी काढायचं काम सुरू करून राह्यली?"

तुम्हाला सांगते, पंधरा वर्षं झाली मी गालिचे धुते. मंगल कार्यालयातले, साहेबलोकांच्या बंगल्यातले... वरणाचे डाग, पानाच्या पिचकाऱ्या, समदं या हातांनी काढलं. चौथी शिकलेली बाई मी, पण डाग बघून सांगते कोणत्या पंगतीतला! मंग आमच्या मोनालीनं मोबाईलमधी दाखवलं, "मम्मी, गालिचे धुणारेच लोक घरातलं पाणी पण काढून देतात, गाद्या-बिद्या वाळवून देतात." झालं! आणली मशीन. हत्तीवानी सोंड, पाणी ओढती घटाघटा. संगं दोन मोठाले पंखे. मालक म्हणले, "रविवारपर्यंत एक बी फोन न्हाई आला तर मशीन वापस. बिलकुल वापस!"

सोमवार गेला, मंगळवार गेला... शनिवार बी गेला. मी आभाळाकडं बघते, तर आभाळ कोरडं ठाक. हसा, हसा!

अन् रविवारी सकाळीच फोन! मागच्या गल्लीतली सोनूबाई. "अगं बेबीनंदा, धाव गं माय! घरात पाणीच पाणी!" काय झाल्तं? ही बाई भाचीच्या साखरपुड्याला हसनाबादला गेल्ती दोन दिवस, अन् नळाची तोटी उघडी, नळी ड्रममधी सोडलेली! का, तर पाणी आलं अन् हुकलं तर?... आपण समदे असंच करतो का न्हाई, खरं सांगा! तर पाणी आलं, ड्रम भरला, अन् बसलं की बैठकीत पाहुण्यासारखं पाय पसरून! गालिचा तरंगतोय, दिवाणाच्या गाद्या टम्म फुगलेल्या!

मी पदर खोचला, मशीन लावली. घर्रर्र! मशीनची टाकी भरली, नालीत ओतायला उचलली... तर सोनूबाई आडवी! "अगं फेकती काय? म्हैस धुवायला होईल की!" शेजारीण बादली घेऊन हजर, "मला मोरीपुरतं दे गं." रामराव तात्या काठी टेकत आले, "पोरी, माझ्या लिंबोणीला!" रांग लागली वो, टँकर आल्यावानी! घर कधी वाळंल हे कोणी विचारीना, पुढची टाकी कोणाची यावर भांडण!

दिवस मावळेस्तोवर फरशी कोरडी, गाद्या पंख्यापुढं, अन् चौघांनी माझा नंबर लिहून घेतला. घरी गेले ती नाचतच. "बोला मालक, मशीन वापस?"

मालक लई खुशीत. "कशाची वापस! अन् मी बी हुशारी केली. सोनूबाईचं ऐकलं, अन् जल्दी जाऊन आपली तोटी गच्च आवळली. आपल्याकडं एक थेंब सांडला न्हाई!"

आमच्या गल्लीचं पाणी दुपारीच येऊन गेल्तं... ड्रम खडखडीत! दारात धुवायचे अकरा गालिचे!

हसा, हसा! पण जाता जाता सांगा वो, कोणाच्या घरात पाणी शिरलंय का? ड्रम मी घेऊन येते.