घरी राहिलेला चष्मा

दवाखान्यातली औषधांची रांग जागची हलत नव्हती, म्हणून मी कान कामाला लावले. माझ्यापुढे एक बाई होत्या आणि त्यांच्यापुढे पिकल्या मिशांचे आजोबा.

“ताई, या बाटलीवर दिवसातून कितीदा लिहिलंय? चष्मा घरी राहिला.”

“दोनदा. चष्मा मीही वीस वर्षं घरीच विसरायचे, आजोबा.”

“म्हणजे?”

“एकदा एका बाईंनी स्वतःचा काढून माझ्या नाकावर ठेवला. म्हणाल्या, आता वाचा.”

“अरे देवा! मग?”

“मी म्हटलं, नंबर जुळत नाही. त्या म्हणाल्या, संध्याकाळी वर्गाला या, जुळवू.”

“गेलात?”

“गेले, म्हणून तर तुमची बाटली वाचता आली. आता इस्त्रीचं काम आटोपलं की तिथेच शिकवते.”

“बायकोला वाटतं, मी रोज पेपर वाचतो.”

“उलटा नाही ना धरत?”

“फोटोंवरून कळतं हो. पण हे तिचं औषध मी तीनदा देत होतो.”

“मग उद्याच या. वाचनालयामागची खोली, संध्याकाळी.”

“या वयात जमेल?”

“आमच्या वर्गात तुम्ही तरुण ठराल.”

“येतो. त्या बाई असतात ना अजून?”

“सध्या अंथरुणाला खिळल्यात. त्यांचंच औषध न्यायला आलेय.”

“मग मागे काय उभ्या राहिलात? या, माझ्यापुढे या.”