भुईवर घेतलेली

विमला सिस्टर : ...आणि पुन्हा आडव्या झाल्या! मावशी, उशी का काढून टाकली? उठा बरं. पुढे वाका, या लोडावर हात टेका. हां. आता नाकातनं श्वास घ्या, आणि सोडताना?

रंभाबाई : चुलीले फुकारी मारल्यावानी.

विमला सिस्टर : माहीत आहे, मग मारा ना. हळू, ओठ बारीक करून. घाई नाही आपल्याला. असं केलं की छातीत कोंडलेली हवा बाहेर पडते, मग नव्या हवेला जागा होते. बरं, भाऊ केव्हाचा व्हरांड्यात बसला आहे. बोलावू आत?

रंभाबाई : कोन भाऊ?

विमला सिस्टर : कोण काय! तुलाराम. दिघोरीहून बैलाची रेंगी घेऊन आला आहे. डॉक्टरांनी सुट्टी दिली ना तुम्हाला आज.

रंभाबाई : मले भाऊ नाही शिस्टरबाई. होता एक. नवरा मेला म्हनून मी माहेरी वापस आली, तवा मायनं त्याले माह्या मांडीवर टाकला अन् आपन गेली. रांगताही येत नव्हतं त्याले. शेळीच्या दुधावर जगवला. मले पोर ना बाळ, तोच माहं पोर. आता नाही तो.

विमला सिस्टर : तोच बाहेर बसला आहे हो, तोंड पाडून. रोज येतो, आणि तुम्ही रोज भिंतीकडे तोंड करता. झालं तरी काय? तुम्हाला आणलं तेव्हा ओठ निळे पडले होते, नखं जांभळी. इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, तेव्हा कुठे रंग आला. इतका वेळ घरी का ठेवलं विचारलं, तर तो गप्प, त्याची बायको मंदा गप्प, आणि तुम्हीही गप्प.

रंभाबाई : त्यालेच इचारा. बोलवा आत. माह्यासमोर सांगू द्या.

विमला सिस्टर : तुलाराम! या आत. अहो, ती बिडी बाहेर! सिलेंडर दिसत नाही का इथे? ऑक्सिजनजवळ ठिणगी पडली तर भडका उडेल. सारा वॉर्ड पेटवता का?

तुलाराम : इझवली जी, इझवली. बाई... कशी हायेस वं? मंदानं तांदळाची भाकर देल्ली हाये, लसनाची चटनी हाये. बाई, बोल ना.

विमला सिस्टर : त्या नाही बोलणार. मी बोलते. पोळ्याच्या वेळी तुम्ही यांना इथे आणलं होतं, तेव्हा याच खाटेजवळ उभं करून तुम्हाला काय शिकवलं होतं मी?

तुलाराम : दम लागला का उठवून बसवायचं. आडवं निजू द्यायचं नाही. समोर लोड द्यायचा, त्याच्यावर हात अन् डोकं. खिडकी उघडायची, गर्दी हटवायची. कोमट पानी, एक एक घोट. हाताची ओंजळ करून पाठीवर थापटायचं, त्यानं कफ सुटते.

विमला सिस्टर : अगदी बरोबर. एकदाच दाखवून शिकला होतात तुम्ही. मी तर बाकीच्या नातेवाइकांना तुमचं उदाहरण द्यायची. आणि दमानं बोलताच येत नसेल तर?

रंभाबाई : सांग ना. पाठ हाये तुले.

तुलाराम : तं बाई माहं मनगट धरन. मनगट धरलं का समजायचं, उठवून बसव म्हनते.

विमला सिस्टर : मग? धरलं नव्हतं का त्यांनी मनगट?

रंभाबाई : धरलं होतं शिस्टरबाई. लेकरू पान्यात बुडताना धरते ना, तसं धरलं होतं.

तुलाराम : मी सांगतो जी पयल्यापासून. खळ्यावर बैलं फिरवून धानाचं चुरनं सुरू होतं. त्याचा धुरळा उडाला अन् बाईले दम लागला. मी बसवली. लोड देल्ला, पाठ थापटली, सारं केलं. देवाशपथ केलं. मंग भय्याजी आले. आमच्या गावातले मोठे मानूस. त्याइच्या मागं अर्धं गाव आलं.

विमला सिस्टर : गर्दी हटवायची, असं आत्ताच म्हणालात.

तुलाराम : भय्याजीले कोन हटवन? ते म्हने, हिले पोळ्याले दवाखान्यात नळी लागली होती. ज्याले नळी लागली तो काही राहत नाही. केवळरामच्या बापाले लावली, तो वापस आलाच नाही. खाटेवर जीव गेला तं गती भेटत नाही म्हने, भुईवर घ्या.

विमला सिस्टर : अहो, अठ्ठ्याहत्तर साल उजाडलं, आणि अजून नळी म्हणजे मरण? ती नुसती हवा आहे, तुलाराम! पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढत नाकात सोडलेली हवा. केवळरामच्या बापाला आणलं तेव्हा तो जवळजवळ संपलाच होता. आणि यांना लावली, तर या दिघोरीला पायी फिरत होत्या ना नंतर?

तुलाराम : फिरत होती. धान निंदाले बी जात होती.

रंभाबाई : पुढचं सांग.

तुलाराम : पुढचं का सांगू बाई...

रंभाबाई : मीच सांगतो मंग. पयले जागा सारवली. मी खाटेवर बसून, लोडाले धरून, आपल्या डोळ्यानं पाहून राहिली. शेन आनलं, घराच्या मधातली भुई कशी लखलख केली! मले वाटलं, आज कोनता सन हाये बा? मंग चौघं आले. डोकं यानं धरलं, माह्या तुल्यानं. अन् मले उतानी टाकली. शिस्टरबाई, छातीवर जातं ठेवल्यावानी झालं. दम आत जाईना का बाहेर येईना. बोलता तं येतच नव्हतं. म्हनून याचं मनगट धरलं.

तुलाराम : भय्याजी म्हने, जीव अडकला. भावाच्या मायेत अडकला हाये. हात सोडव तुलाराम, मंग तिचा जीव सुटन.

विमला सिस्टर : आणि तुम्ही सोडवला?

(तुलाराम दाराकडे पाहतो. रंभाबाई आपला उजवा हात लोडावरून उचलते आणि त्याच्यासमोर धरते. तो पाहत नाही, तरी ती हात खाली घेत नाही.)

रंभाबाई : एक एक बोट. पयले आंगठा, मंग हे, मंग हे. मी धरो, हा सोडवे.

विमला सिस्टर : अरे देवा! तुलाराम, तुम्हाला माहीत होतं हो. न शिकलेल्या माणसानं केलं असतं तर मी म्हटलं असतं, अडाणी आहे, चुकला.

तुलाराम : मले वाटलं, बाई गेली. खरंच वाटलं जी. गेलीच हाये, नुसती धुगधुगी उरली हाये...

रंभाबाई : खोटं नको बोलू! बोटं सोडवताना का म्हनत होता तू? "सोड बाई, सोड वं." मुर्द्याले कोनी सोड म्हनते का रे? सारं आयकू येत होतं मले. बाहेर लाकडं आनाले गाडी गेली, ते बी आयकू आलं.

विमला सिस्टर : मावशी, हळू. ओठ बारीक करा, सोडा श्वास. मग वाचलात कशा?

रंभाबाई : त्याइच्याच पुन्यानं! मरते तं मरते म्हनून तोंडात तुळशीचं पानी ओतलं. लागला ठसका. त्या ठसक्यात कफाचा गोळा सुटला ना! मी कुशीवर झाली, बाजूचं जातं हाती लागलं, त्याच्यावर हात टेकून उठून बसली. मंग पाहाचं होतं! भूत उठलं म्हनून भय्याजी असे पळाले, का त्याइच्या चपला अजून आमच्या आंगनात पडल्या असन.

विमला सिस्टर : हसू नका, पुन्हा दम लागेल.

रंभाबाई : हसून नाही राहिली मी. सारे भिताडाले टेकले, हा बी टेकला. मंदा तेवढी समोर आली. तिचं माहं कधी पटलं नाही, सारं गाव जानते. जेवताना बी तिच्यात खोड काढतो मी. ते आली, माह्या मागं बसली, पाठीले पाठ लावली अन् म्हने, टेका आता. रेंगीत बी तशीच. दिघोरीपासून इथपर्यंत पाठीले पाठ.

विमला सिस्टर : लोड हाताशी नव्हता म्हणून पाठ दिली. तिला हे कोणी शिकवलं?

तुलाराम : कोनी नाही. मी बाईले बसवू, तवा ते चुलीपासून पाहे.

विमला सिस्टर : बरं, आता पुढचं बोला. मावशी, सुट्टी झाली आहे, खाट दुसऱ्याला द्यावी लागेल. हा दमा परत उठणार आहे, थंडी सरली नाही अजून. तेव्हा उठवून बसवणारं माणूस जवळ पाहिजे. ते नसेल तर मी तुम्हाला सोडणार कशी?

रंभाबाई : एकोडीले माही मावसबहीन हाये, पुष्पाबाई.

विमला सिस्टर : तिला येतं का हे?

रंभाबाई : तिले तं डोळ्यानंच दिसत नाही.

तुलाराम : बाई, पाया पडतो तुह्या. चाल घरी. लोकाईनं केलं ते. मी एकटा गावासमोर का करू?

रंभाबाई : गावानं भुईवर घेतली, मान्य. बोटं गावानं नाही सोडवली.

तुलाराम : ...थकलो होतो बाई.

विमला सिस्टर : काय?

तुलाराम : थकलो होतो जी. पोळ्यापासून पुरी झोप नाही. बाई खाकरली का उठ, बसव, थापट, पानी दे. दिवसा बैलामागं फिर. फिरता फिरता झोपायचो मी. भय्याजी म्हनले भुईवर घ्या, अन् मले... बरं वाटलं. खरं सांगतो. वाटलं, चाला, आता तरी पाठ टेकाले भेटन.

विमला सिस्टर : तुलाराम! काय बोलता हे, कोणासमोर बोलता!

रंभाबाई : बोलू द्या. आज पयल्यांदा खरं बोलून राहिला.

तुलाराम : मार मले बाई. खेटरानं मार.

रंभाबाई : थकला होता तं सांगाचं होतं रे. मंदाले उठवलं असतं, पाळी लावली असती. नाही तं मी आपनच आडवी झाली असती. तुह्यासाठी का नाही केलं मी आजवर? तू म्हनला असता, बाई, आता निज, तं निजली असती. पन तू गावाच्या तोंडानं बोलला, अन् हात आपले लावले. हे नाही उतरत माह्या गळ्याखाली. भाकरीचा घास अडकावा तसं अडकलं हाये.

तुलाराम : मंग नाही येत का घरी?

रंभाबाई : काहून नाही येनार? माह्या बापानं बांधलं ते घर. मंदा कुठं हाये?

तुलाराम : रेंगीत बसली हाये. आत याले भेते. तू तिच्यावर बी चिडली अशीन म्हने.

रंभाबाई : बोलाव तिले. शिस्टरबाई, तिले नीट दाखवून द्या. कसं बसवायचं, हात कसा करून थापटायचं, मनगट धरलं तं का समजायचं. सारं दाखवा.

विमला सिस्टर : दाखवते. दोन-तीनदा तिच्याकडून करून घेते.

तुलाराम : तिले कायले बाई? मले येते ना सारं.

रंभाबाई : येते रे. तवा बी येतच होतं.