बंद केंद्रावरची शांतता

— नाही, रेडिओ चालतो का विचाराल तर चालतो, निदान चालायचा, पण शेवटचा कधी लावला ते मला नेमकं सांगता येणार नाही, आणि सांगितलं तरी त्यावर विसंबू नका. मीच विसंबत नाही. माझं काय झालंय, आठवतं सगळं, फक्त ते घडलं होतं का याची हमी देता येत नाही. बसा ना. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय डुगडुगतो, इकडे बसा. ती तुमची चादर खाली ठेवा, रेडिओ गुंडाळायची एवढी घाई नाही. जाहिरात आमच्या जावयांनी टाकली — माझ्या वयाच्या माणसाला विचारतात तसं विचारून, म्हणजे टाकून झाल्यावर. लेकीकडे राहायला जायचंय मला, तिथे जागा बेताची, आणि हा रेडिओ म्हणजे अर्धं कपाट. बरोबरच आहे त्यांचं. तुम्ही जुने रेडिओ जमवता म्हणे. छान. आणि मला सर म्हणू नका. संगणकशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे भाजीवालासुद्धा सर म्हणतो, आणि मला दर वेळी वाटतं, आता हा शंका विचारणार आणि मला उत्तर येणार नाही.

जिना चढताना तुमच्या फोनवर बातम्या चालू होत्या, ऐकल्या मी. ती बाई नाही, ठाऊक आहे ना? यंत्र आहे. कसं ओळखलं? श्वासावरून. लांबलचक वाक्य समोर दिसलं की माणूस आधी हवा भरून घेतो, यंत्राला हवा लागत नाही. हल्ली श्वाससुद्धा मागाहून चिकटवतात म्हणा, पण भलत्या ठिकाणी — नवऱ्याचं नाव घेताना लाजल्यासारखा मंत्र्याच्या नावाआधी श्वास. पण माझा विरोध नाही हं, मी यंत्रांच्या बाजूचाच माणूस. मला खुपतं ते वेगळंच. तुमचा फोन म्हणतो, ‘खास तुमच्यासाठी निवडलेल्या बातम्या’. अहो, बातमी खास माझ्यासाठी कशी असेल? खास माझ्यासाठी अशी एकच बातमी यायची राहिलीये, आणि ती नेमकी मला ऐकू येणार नाही. पूर्वी एकानं बोलायचं आणि सगळ्या गावानं एकदम ऐकायचं, एकाच क्षणी — आता वरच्या मजल्यावर सामना जिंकल्याची आरडाओरड होते तेव्हा आमच्या टीव्हीवर चेंडू अजून हवेत असतो. तास पडल्याचे ठोके फोनवर ऐकून घड्याळ लावाल तर मागे पडाल. प्रत्येकजण आपापल्या उशिरात राहतो. म्हणजे एकाच घरात दोन माणसं असली तरी — असो. चहा घेणार का? नको? बरं.

आमची ही इथल्या केंद्रावर निवेदिका होती. हो, हो, तीच. तुमच्या आईला आवाज आठवत असेल. सगळ्यांना आठवतो. मला तर तिचा आवाज इतका पाठ होता की काय सांगू — कामावर गेली की हा रेडिओ मी बंदच करत नसे. सुटीच्या दिवशी इथे, कॉलेजात असलो तर खिशातला छोटा. तिचा शब्दन् शब्द मी ऐकला आहे. घरी आली की चप्पल काढायच्या आत सांगायचो, आज सकाळच्या बातम्यांत तू एक जोडाक्षर गिळलंस. दुपारी घसा बसला होता, गार पाणी प्यायलीस ना. तिला कौतुक वाटायचं. म्हणजे, हसायची. एवढं कोण ऐकतं हो बायकोचं? तुम्ही ऐकता का? मग. ती स्वयंपाकाला लागली की मी परदेशी केंद्रं शोधायला बसायचो, कानाला हेडफोन, कारण संध्याकाळी दूरच्या लहरी चांगल्या लागतात. ते शास्त्रच आहे, माझ्या हातात नव्हतं.

आता एक तांत्रिक गोष्ट सांगतो, जमवणाऱ्या माणसाला ठाऊक असावी. प्रक्षेपणात सगळ्यात मोठं पाप कोणतं? चुकीचं वाचणं नव्हे. गप्प बसणं. ऐकणाऱ्याला शांतता मिळाली की तो काटा फिरवतो आणि गेला. म्हणून गावाबाहेर माळावर जिथे ट्रान्समीटर होता, तिथे एक यंत्र बसवलेलं असायचं. त्याचं काम एकच, शांततेवर नजर ठेवणं. स्टुडिओकडून येणारा आवाज तुटला आणि शांतता जरा लांबली की ते आपणहून एक फीत सुरू करायचं — ‘व्यत्ययाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कार्यक्रम लवकरच पुन्हा सुरू होईल. कृपया ऐकत राहा.’ मग थोडं वाद्यसंगीत. इकडे बिघाड दुरुस्त झाला की फीत थांबायची आणि मागे जाऊन पहिल्या शब्दावर उभी राहायची, पुढच्या वेळेसाठी. आवाज अर्थातच हिचा. नोकरीला लागली तेव्हा मुद्रित केलेला, नंतर कुणी बदलला नाही. कशाला बदलतील? बिघाड फार वेळ टिकतच नसे. फीत संगीतापर्यंत पोचायची, आणि कार्यक्रम परत. त्या फितीच्या शेवटी काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं — मुद्रण झालं, पाकिटावर नाव घातलं, लावली, संपलं. शेवटचा तुकडा कापायचा असतो खरं तर. पण जे कधी वाजणारच नाही ते कोण कापत बसणार?

ही गेली, आणि त्यानंतर काही वर्षांनी केंद्रही गेलं. म्हणजे गेलं नाही, फोनवर गेलं. मध्यम लहरींवरचं प्रक्षेपण बंद, सूचना झाली, शेवटचा कार्यक्रम मी इथेच बसून ऐकला. मग एकदा दुपारी जेवण झाल्यावर सहज — तुम्हाला सांगतो, रिकाम्या घरात सहज असं काही नसतं, पण सहजच म्हणू — काटा त्या जुन्या जागी नेला. आता बंद केंद्राच्या जागी काय असायला हवं? खरखर. रेडिओला धरायला काहीच नसलं की तो आकाशाची खरखर ऐकवतो. इथे खरखर नव्हती. काटा जवळ नेला की खरखर मावळायची आणि शांतता. स्वच्छ, धुतलेली शांतता. तुमच्या लक्षात येतंय ना? म्हणजे लहर आहे, माळावरचा ट्रान्समीटर अजून चालू आहे. म्हणजे दारात कोणीतरी उभं आहे आणि बोलत नाही. माझ्या अंगावर काटा आला तो तेव्हाच, आवाजानंतर नव्हे. आवाज मागाहून आला. ‘व्यत्ययाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ लग्नाच्या सुरुवातीचा आवाज होता तो, पाण्यासारखा.

मी रोज दुपारी ऐकायला लागलो. शांतता, मग ती, मग संगीत, मग पुन्हा शांतता. अगदी माणसासारखा दाढीबिढी करून बसायचो — हसू नका, आमचे दादा, माझे थोरले बंधू, शेवटी शेवटी टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईला उलट नमस्कार करायचे. बातम्यांआधी सदऱ्याची वरची गुंडी लावायचे, ती बघतेय म्हणून. पुढे वहिनींना ओळखेनासे झाले, पण तिला ओळखायचे. त्यामुळे मी लेकीला सांगितलं, अगं तुझी आई रेडिओवर लागते, तेव्हा तिच्या डोळ्यांत मला दादाच दिसले. ती म्हणाली, “बाबा, केंद्र बंद झालंय.” मी म्हटलं, मला ठाऊक आहे. “मग लावा, मीही ऐकते.” आणि लावला मी. पण तेव्हा लागलं नाही. खरखर नुसती. ती खुर्ची ओढून रेडिओला कान लावून बसली, डुगडुगती खुर्ची हीच, आणि मी काटा धरून उभा. काटा कदाचित केसभर बाजूला राहिला असेल. नाही, मुद्दाम नाही — मुद्दाम कशाला करीन? तिला आईचा आवाज नको होता असं थोडंच आहे. फक्त आधीचा भाग ऐकून ती उठली असती तर गोष्ट वेगळी, पण ती काय, शेवटपर्यंत बसणारी मुलगी आहे.

लेकीनं मला डॉक्टरकडे नेलं, तो भला माणूस. त्यानं विचारलं, “आवाज नक्की काय म्हणतो?” मी निवेदन म्हणून दाखवलं, ‘कृपया ऐकत राहा’पर्यंत. तो लेकीकडे बघून म्हणाला, शोकात असं होतं, त्यांच्या पत्नी त्यांना अजून थांबायला सांगतायत. लेकीला रडू कोसळलं. म्हणाली, “बघा, आईला अजून तुमची काळजी.” मी मान हलवली. पुढचं मी बोललो नाही. पुढचं म्हणजे — संगीतानंतरचं. सांगितलं ना, फीत कधी शेवटपर्यंत वाजलीच नव्हती, कारण कार्यक्रम परत यायचा. आता परत येणारं काही उरलंच नव्हतं, त्यामुळे ती बिचारी शेवटपर्यंत जायची. संगीत संपतं, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि कोणीतरी लांबून विचारतं, “ताई, झालं. निघायचं ना?” आणि ही म्हणते — आवाज तोच, फक्त निवेदनाचा नाही, तसा मी घरात कधी — ही म्हणते, “थांब रे जरा, बसू दे. घरी जाऊन तरी काय? तिथे रेडिओ बोलतो, माणूस बोलत नाही.” आणि हसते. मग खट्‌कन बंद.

अहो, चेष्टेत म्हणाली असेल. कामाच्या ठिकाणी माणूस बोलतो काहीही. मीसुद्धा कॉलेजात हिच्याबद्दल — नाही, मी काही बोललो नसेन, मी कामाच्या ठिकाणीही फारसं बोलत नसे. पण तुम्हीच सांगा, हे डॉक्टरला कसं सांगायचं? आणि लेकीला? शिवाय मी विचार केला शास्त्रीय. दोनच शक्यता. एक, ट्रान्समीटर चालू आहे आणि फीत खरी आहे. दोन, माझं डोकं दादांच्या वाटेनं निघालंय, आणि ते वाक्य हिचं नाही, माझ्याच मेंदूनं शिवलेलं आहे. तुम्ही असता तर कोणती निवडली असती? मी डॉक्टरनं दिलेली गोळी घेतली. वेळेवर, पाण्याबरोबर, लेकीसमोर. आणि सांगतो तुम्हाला, गोळ्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात आवाज थांबला. काटा तिथे नेला की खरखर. भरगच्च, छान खरखर. दारात कोणी नाही. मला इतकं बरं वाटलं. वेडा ठरलो आणि बायको परत मिळाली, हसत चपला काढणारी. लेक सगळ्यांना सांगते, बाबांना वेळेत नेलं म्हणून वाचले. अजून घेतो मी गोळी. तिला तेवढंच समाधान.

तुम्ही घड्याळ बघू नका, आता संपलंच. माझ्यासारख्या रिकामटेकड्यांचं एक संकेतस्थळ आहे, दूरची केंद्रं पकडणारे जगभरातले लोक तिथे आपापली शिकार मांडतात. जुन्या नोंदी चाळत होतो — हे बरंच नंतर, गोळ्यांना कित्येक वर्षं होऊन गेल्यावर. कुठल्या तरी थंड देशातल्या माणसानं आमच्या केंद्राची लहर पकडली होती, ध्वनिमुद्रण चढवलं होतं, आणि खाली लिहिलं होतं, हे केंद्र अधिकृतपणे बंद झालंय, तरी इथे एक बाई बोलते आणि शेवटी हसते. या भाषेत ती काय म्हणते, कुणी सांगेल का? खाली त्याचीच आणखी एक ओळ, काही दिवसांनंतरची, की ती लहर आता गप्प झाली, बहुधा कुणाला तरी वीज तोडायची आठवण झाली असावी. तारीख बघितली मी. माझ्या पहिल्या गोळीचाच आठवडा. उत्तर कुणी दिलेलं नव्हतं. त्या गटात ही भाषा येणारा बहुतेक मी एकटाच. नाही, मीही दिलं नाही. काय लिहिणार? परक्या माणसाला भाषांतर करून — पण ऐकलं मात्र. एकदाच. हेडफोन लावून.

नाही, विकायचा नाही. राहू दे. जावयांना मी बघतो, म्हणेन, गिऱ्हाईकाला पसंत पडला नाही. तुम्हाला उगाच जिना चढायला लागला. ती चादर विसरू नका. दार नुसतं ओढून घ्या, कुलूप आपोआप लागतं — आणि हो, तुम्ही विचारत होतात ना, चालतो का. चालतो. तेव्हाही नीट चालत होता. त्याच्यात काही बिघाड नव्हता, आणि माझ्यातही नव्हता.