गायबची आई

शेख तल्बा : ये, असा जवळ सरक. ती पायरी ओली आहे, इथं बाकावर बस. या घराची गोष्ट विचारलीस ना? सांगतो. अशी गोष्ट आहे, की ऐकून उठशील तेव्हा आला होतास तो राहणार नाहीस. तर नबीचं नाव घेऊन...

इन्साफ : शेख, गोष्टीला जरा लगाम घाला. आधी या महाशयांना विचारा, बंद घराच्या खिडकीतून आत काय डोकावत होते?

पाहुणा : दार ठोठावलं, खाला. कुणी उघडलं नाही, म्हणून...

इन्साफ : उघडणार कोण? मालकीण नफीसा कबरीत आहे. आणि खाला कुणाला म्हणतोस? मी तुझी मावशी नाही. नफीसाच्या भाच्यानं पाठवलंय ना तुला? जा, सांग त्याला. घर तुझ्या नावावर झालं, शनिवारी पाड खुशाल. पण तोवर या ओसरीवर त्याचा दलाल मला दिसता कामा नये. मी शेजारीण आहे, मेलेली नाही अजून.

पाहुणा : मी कुणाचा दलाल नाही. मालकीण... गेली?

शेख तल्बा : गेल्या रमजानच्या तोंडावर. अल्लाह तिला थंड सावली देवो. तू ओळखायचास तिला?

पाहुणा : बाजारात विचारलं, उम्म गायबचं घर कुठलं? मुशब्बक तळणाऱ्या हलवायानं हे दाखवलं. मग विचारलं, तिचा मुलगा कुठं असतो? तर तो हसला. दुकानातली सगळीच हसली.

इन्साफ : हसणारच.

पाहुणा : का? एवढं काय लपवताय सगळे?

शेख तल्बा : लपवायचं काही नाही, लेकरा. घराचं आधी ऐक. पूर्वी या रास अल-बरच्या किनाऱ्यावर घरं नव्हतीच. उन्हाळा आला की बोरूच्या चटयांच्या झोपड्या उभारायच्या, थंडी पडली की गुंडाळून दमिएत्ताला परत. नफीसाचा नवरा उस्ताद फरगली, दमिएत्ताचा सुतार. त्यानं इथं पहिलं बारमाही लाकडी घर बांधलं. लोक म्हणाले, खुळा आहे, समुद्र नेईल. तो म्हणाला, माझ्या बायकोला समुद्र हवाय, आणि तो काही तिला उन्हाळ्यापुरता नकोय! ही ओसरी एवढी रुंद का, माहीत आहे? मौलिदला, नबीच्या जन्मदिवशी, मी इथं उभं राहून गावं म्हणून.

इन्साफ : आणि तुम्ही एकदा सूर लावला की चहा थंड, मासे थंड, ऐकणारे थंड.

पाहुणा : तो फरगली कधी वारला?

इन्साफ : तुला रे काय करायचंय?

शेख तल्बा : सदुसष्टच्या लढाईच्या बरंच आधी. करवत लागली हाताला, विष भिनलं. जनाज्याला माझाच खांदा होता.

पाहुणा : आधी? लढाईच्या आधी? नीट आठवून सांगा, शेख.

शेख तल्बा : ती लढाई त्यानं पाहिलीच नाही. तुझा चेहरा का उतरला?

पाहुणा : कारण मी लढाईनंतर जन्मलो. आणि मी तिचा मुलगा आहे.

इन्साफ : ऊठ.

पाहुणा : खाला, माझं ऐकून तरी...

इन्साफ : ऊठ म्हणते ना बाकावरून! त्या बाकावर ती बसायची. शेख, ऐकलंत? नवरा मातीत गेल्यावर हिला मुलगा झाला म्हणे! जन्मभर जिनं पुरुषाच्या सावलीवर पाय पडू दिला नाही, तिच्या कफनावर हा चिखल उडवतोय. शेजारपाजारी ऐकतील तर...

शेख तल्बा : इन्साफ, नबीवर दरूद म्हण, राग उतरेल.

इन्साफ : हजार वेळा दरूद. पण याला उठवा!

शेख तल्बा : उठवतो. दरूद म्हटलास ना? आता श्वास घे. आणि तू बोल बाबा, पण शब्द जपून.

पाहुणा : जपूनच आलोय. तुम्हाला वाटतं मला मजा वाटतेय? कुवेतमध्ये वाढलो. सावत्र आईनं वाढवलं, वाईट वागवलं नाही. पण माझी आई कोण विचारलं की वडील ताटावरून उठून जायचे. आता कळतंय का जायचे. लाज वाटत असणार. अगदी शेवटी माझा हात धरून म्हणाले, 'रास अल-बर. उम्म गायब. तू तिची ठेव आहेस.' त्यापुढे वाचा गेली. मी विमानात विचार करत आलो. गायब म्हणजे जो इथं नाही तो. मी इथं नव्हतो. म्हणजे तो गायब मीच. दुसरं कोण?

इन्साफ : तोबा! शेख, याला उम्म गायब म्हणजे काय तेच ठाऊक नाही!

पाहुणा : का? काय चुकलं?

शेख तल्बा : कुवेतमध्ये म्हणत नसतील. आमच्याकडे लेकुरवाळीला मुलाच्या नावानं हाक मारतात. आणि जिला मूल नाही तिला वांझ म्हणत नाहीत, जीभ झडेल. तिला म्हणतात उम्म गायब, गायबची आई. मूल आहे, फक्त अजून आलेलं नाही, असं. नफीसाला मूल झालंच नाही, बाळा.

पाहुणा : मूल नव्हतंच?

इन्साफ : नव्हतं. म्हणून हसली माणसं. आता झालं समाधान?

पाहुणा : मग मी कुणाचा? माझ्याकडे एवढा एकच शब्द होता, खाला. तोही तुम्ही काढून घेतलात.

शेख तल्बा : तुझ्या कागदावर जन्मगाव कुठलं आहे?

पाहुणा : हेच. रास अल-बर. हिवाळ्यातला जन्म.

इन्साफ : हिवाळ्यात इथं कुत्रं जन्मत नाही. इथं तेव्हा होतं कोण? लढाईनंतर होते ते फक्त पोर्ट सईदचे... थांब. तुझा बाप काय करायचा?

पाहुणा : तरुणपणी बंबूटी होते. कालव्यातल्या बोटींना होडी लावायची आणि खलाशांना पाकिटं, लाकडी उंट विकायचे. म्हातारपणीही गोरा माणूस दिसला की मोडक्या ग्रीकमध्ये भाव करायला...

इन्साफ : सबरी.

पाहुणा : मी त्यांचं नाव सांगितलं नव्हतं.

इन्साफ : तुझं नाव काय?

पाहुणा : वजीह.

इन्साफ : शेख. ती मेणबत्ती.

शेख तल्बा : या रब! शेवटपर्यंत जळलेली.

वजीह : कुठली मेणबत्ती? कुणी मला नीट सांगेल का?

इन्साफ : बस. त्याच बाकावर बस. लढाईनंतरही कालव्याकाठी तोफा थांबेनात, म्हणून सरकारनं पोर्ट सईद रिकामं केलं आणि माणसं आणून या रिकाम्या उन्हाळी घरांत कोंबली. नफीसाच्या घरी आला सबरी आणि त्याची दिवस भरलेली बायको. बदीआ तिचं नाव. लिंबू पिळलेल्या शिंपल्या खायची, आणि हसायची अशी की लिसानपर्यंत ऐकू जावं, नदी समुद्राला मिळते तिथवर. तुला जन्म दिला आणि गेली. त्या कोपऱ्यातल्या खोलीत. हात माझ्या हातात होता.

वजीह : बदीआ.

इन्साफ : हो. सातव्या दिवशी नाव ठेवायचं. मेणबत्त्यांना एकेक नाव द्यायचं, जास्त वेळ जळेल ते बाळाचं. वजीह हे नफीसानं तिच्या मेणबत्तीला दिलेलं नाव. मग बाळाला चाळणीत निजवायचं, कानाशी खलबत्ता वाजवायचा आणि म्हणायचं, 'आईचं ऐक, बापाचं ऐकू नको.' आणि आईनं चाळणी ओलांडायची. खलबत्ता माझ्याकडे. 'आईचं ऐक' म्हटलं आणि माझी जीभच अडकली. कुणाचं ऐक म्हणू? ओलांडणार कोण? बाया खाली बघायला लागल्या. सबरी भिंतीकडे तोंड करून रडतोय. तेव्हा नफीसा उठली. झगा घोट्यावर धरला आणि चाळणी ओलांडली. पुन्हा ओलांडली. मग मी असा ठोका दिला की तू दचकून टाहो फोडलास.

शेख तल्बा : आणि मला आठवलं, आपले नबीही पोरकेच वाढले. मग मी तिथंच गायलो,
'पोरक्याच्या पाळण्याला दोरी तुझीच रे,
हात कुणाचाही असो, माया तुझीच रे.'
सूर फाटला होता. पण तसं गाणं मला पुन्हा कधी जमलं नाही.

वजीह : मग मला नेलं का?

इन्साफ : बापच तो. कुवेतला काम मिळालं. तू तिच्या झग्याला धरून चालायला लागला होतास. सबरी म्हणाला, दर उन्हाळ्यात आणीन. तुझी बोटं तिनं स्वतः सोडवली. कारण तू सोडत नव्हतास.

वजीह : आणलं नाही त्यांनी कधीच. म्हणजे... ती माझी आई नव्हती.

इन्साफ : पुन्हा म्हण बघू. तोच खलबत्ता डोक्यात घालते.

शेख तल्बा : घालेल हं. पितळी आहे.

इन्साफ : तू व्हायच्या आधी तिला आम्ही उम्म गायब म्हणायचो, तर ती हसायची. थट्टा समजायची. तू गेलास, आणि एकदा मी इथून हाक मारली, 'ए उम्म गायब, पाव घ्यायला येतेस?' तर माझ्याकडे न बघता ती वळून रस्त्याकडे बघायला लागली. त्यानंतर त्या नावानं मी तिला हाक मारली नाही. पण गाव मारायचं. आणि ती दर वेळी वळायची. म्हातारी झाली, ऐकू कमी येऊ लागलं, तरी ती हाक ऐकू यायची.

(इन्साफ शेजारी आपल्या घरात जाते. पितळेवर पितळेचा एक ठोका ऐकू येतो. ती खलबत्ता आणि चावी घेऊन परत येते.)

इन्साफ : हा घे. घर तुला मिळायचं नाही, ते भाच्याचं आहे.

वजीह : घर मी मागितलंच नाही, खाला.

इन्साफ : म्हणून तर चावी देतेय. शनिवारच्या आत कोपऱ्यातली खोली बघून घे. रडायचं तर आत जाऊन रड, इथं शेख लगेच गायला लागतील.

शेख तल्बा : मी गप्प आहे ना! वजीह, जाताना कबरस्तानात जा. फातिहा आधी बदीआच्या नावानं म्हण. तिला तुझ्याशिवाय कुणी नाही.

वजीह : म्हणेन. आणि दुसरी?

इन्साफ : दुसरी नफीसासाठी. तिची आठवण ठेव, एवढंच मागते. पण तिला उम्म गायब म्हणू नकोस. उम्म वजीह म्हण. ऐकू येईल तिला.