सेहेचाळीस अंगठे आणि एक बाक

एक सिमेंटचं बाक. दुधी भोपळा. तीन मजले, लिफ्ट नाही. सेहेचाळीस अंगठे. अर्धा तास.

यांचा संबंध काय? लावतो, मंडळी. आधी सांगा, माणूस हजर आहे असं कधी म्हणायचं? देह मांडवात, बोट मोबाइलवर — मागचे काका, तुम्हालाच म्हणतोय — तो हजर की गैरहजर?

ऐका तर. सांगलीतली एक सोसायटी, अठ्ठेचाळीस घरं. तिसऱ्या मजल्यावर अनसूयाबाई खरमाटे, वय चौऱ्याहत्तर, एकट्या. बाजारातून आल्या की फाटकाजवळच्या बाकावर टेकायच्या. गुडघ्यांना विसावा, जिभेला सोबत. कुणी नुसतं विचारलं, "भोपळा कसा दिला, काकू?" की त्यांचा दिवस पार पडायचा.

आणि सेक्रेटरी घाटपांड्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं — बाक तोडू, दोन गाड्या मावतील. सेहेचाळीस घरांचे सेहेचाळीस अंगठे वर! काय लोकसहभाग! जिनासुद्धा उतरावा लागला नाही.

पण ठराव सभेतच व्हावा लागतो. रविवारी सभा. सतरंजी पन्नास माणसांची. आले किती? घाटपांडे आणि अनसूयाबाई.

घाटपांड्यांनी नियम वाचला, "गणसंख्या नसल्यास सभा अर्धा तास तहकूब. नंतर जेवढे हजर, तेवढ्यांची सभा." सभेची वही सतरंजीवर ठेवली. "बाई, तेवढ्यात चहा घेऊन येतो."

घरी गेले, तर ग्रुपवर विचारणा. सभा झाली का? बाक कधी तोडताय? सगळ्यांना उत्तरं देता देता पाऊण तास उलटला.

परतले. वहीत लिहिलेलं — 'बाक जागेवर राहील. सर्वानुमते मंजूर.'

"सर्वानुमते? अहो, कुठले सर्व?"

"जेवढे हजर, तेवढे. तुम्हीच वाचलंत ना, भाऊ?"

"सेहेचाळीस अंगठे आहेत माझ्याकडे, बाई."

"त्यातला एक जरी जिना उतरून आला, तर खोडते."

घाटपांड्यांनी तिथूनच ग्रुपवर टाकलं — 'ताबडतोब खाली या.'

आले, मंडळी! सेहेचाळीस अंगठे आले. माणूस एकही नाही.

हसताय? तुमच्याही सोसायटीची सभा या रविवारी आहे; येताना फळ्यावर वाचलं मी. किती जण उतरणार? — अंगठा नको, काका. तोंडाने सांगा.

ते बाक बांधलं, तेव्हा ओल्या सिमेंटवर कुत्रं बसू नये म्हणून सगळ्या घरांनी आळीपाळीने पहारा दिला होता. पहिली पाळी घाटपांड्यांची होती.