भिंतीतली टकटक

...आणि वर मलाच म्हणतात, स्वस्थ बसा! अहो, बसलो असतो की! मला काय उठायची हौस आहे? पण तुम्हाला सांगतो, मखमलीच्या खुर्चीत बसून माणसाचे जेवढे हाल होऊ शकतात तेवढे माझे झाले, आणि खुर्ची तरी साधीसुधी होती का? ऐंशी वर्षांपूर्वीच्या आगगाडीतली, घासूनपुसून नवी केलेली, वर पितळी दिवे, लाकडी भिंती, झालरीचे पडदे, आणि चहा आणणाऱ्या माणसाच्या हातात पांढरे हातमोजे! मी छत्तीस वर्षं रेल्वेचे डबे दुरुस्त केले, माझ्या हातांना तेल आणि भुसा सोडून काही ठाऊक नाही, आणि हा गृहस्थ मला चिमट्यानं बिस्कीट वाढतोय.

झालं काय, आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली म्हणून लेकीनं आणि जावयानं ही तिकिटं काढली. तीन दिवस, शाही थाट, जुनी गाडी. मी म्हटलं, अगं, शिंप्याला कुणी वाढदिवसाला सुईदोरा देतं का? पण बायको हरखली. आणि तिचंही बरोबरच आहे हो... इतक्या वर्षांत एकाही प्रवासात मी तिच्या शेजारी बसलोय असं तिला आठवत नाही. गाडी थांबली की मी खाली उतरून चाकांकडे वाकून बघणार, गाडी सुटली की कागदाच्या घड्या करून खडखडणाऱ्या दारांच्या फटीत खोचत फिरणार. एकदा तर मी तिसऱ्या डब्यात दार बसवत राहिलो आणि ही दोन पिशव्या नि तान्ही लेक घेऊन एकटीच उतरून घरी गेली.

म्हणून तिनं निघतानाच अट घातली. "तीन दिवस माझ्या शेजारी स्वस्थ बसायचं. हातात हत्यार दिसलं, की पुढच्या प्रवासाला तुमच्याऐवजी दादाला घेऊन जाईन." नुसतं बोलून थांबली नाही, माझी बॅग उपसली! पक्कड काढली, पान्हा काढला, पायमोज्यात गुंडाळलेली मोजपट्टीसुद्धा काढली. पायमोजा कुणी तपासतं का हो?

आता हा दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, माझा मेहुणा. आम्ही एकाच कारखान्यात, शेजारशेजारच्या बाकावर सुतारकाम करायचो, आमचं लग्नही त्यानंच जमवलं. पण लग्नाच्या आदल्या दिवशी माझा स्क्रूड्रायव्हर गेला. साधा नव्हे! शिसवी मुठीचा, मुठीवर तापल्या तारेनं मी स्वतः डागलेला कान. कान का, तर कारखान्यात मला सगळे कानसेन म्हणायचे, भिंतीला कान लावून कुठला खिळा सैल आहे ते मी सांगायचो. तर तो गेला, आणि जवळ कोण होतं? मेहुणा! मी म्हटलं, तूच घेतलास. तो म्हणाला, नाही. तेव्हापासून तो घरी आला की पाण्याचा पेला त्याच्या हातात जायच्या आधी मी विचारायचो, "स्क्रूड्रायव्हर आणलास का?" चौतीस वर्षं त्यानं ऐकून घेतलं, आणि मग एके दिवशी पेला तसाच ठेवून उठला, तो गेली चार वर्षं आमच्या घराची पायरी चढलेला नाही. बायको बोलत नाही, पण भाऊ येत नाही याचं तिला वाईट वाटतं, मला काय दिसत नाही का? पण हत्याराचा प्रश्न होता हो!

तर गाडी सुटली. पहिली दहा मिनिटं... अहाहा! मी बसलो, ती बसली, खिडकीतून झाडं चाललीत, तिनं माझ्याकडे बघून हसावं, मी तिच्याकडे बघून हसावं. आणि तेवढ्यात भिंतीतून आलं, टक.

मी म्हटलं, असेल काहीतरी. टक. मी पडद्याकडे बघितलं, टक. दिव्याकडे बघितलं, टक. रुळांचा सांधा आला की टक! माझा पाय हलायला लागला, मग गुडघा, मग आख्खी खुर्ची. हळूच मान कलती करून भिंतीला कान लावला, तर बायको पेपरातून डोकं वर न काढता म्हणते, "स्वस्थ बसा."

मी त्या हातमोजेवाल्याला विचारलं, बाबा रे, भिंतीत काहीतरी सैल आहे. त्यानं असं तोंड केलं, जणू मी त्याच्या आईबद्दलच काही वाईट बोललो! मग आवाज खाली आणून मला म्हणतो, "सर, ते या डब्याच्या हृदयाचे ठोके आहेत." ठोके! माहितीपत्रकातही छापलंय म्हणे! गाडी नवी करताना मोठमोठे तज्ज्ञ आले होते, त्यांनी या भिंतीला पॉलिश करू दिलं पण उघडू दिली नाही, कारण आवाज मूळचा आहे, आणि लोक मुद्दाम हाच डबा वर्षभर आधी मागून घेतात. मी म्हटलं, मूळचा? लाकडाला मूळचा खोकला असतो का रे? बायको म्हणाली, "स्वस्थ बसा."

बसलो! अख्खा दिवस बसलो! सूप आलं, टक. केक आला, टक. दुसऱ्या दिवशी जेवण झालं आणि बायकोला खुर्चीतच डोळा लागला. आणि तुम्हाला काय सांगू, झोपेतसुद्धा तिनं माझ्या कोटाची बाही घट्ट धरून ठेवली होती, हा उठून जाईल म्हणून. पण टक! टक! शेवटी मी हळूच कोटातून बाहेर निघालो, बाही तिच्या मुठीतच राहू दिली, ट्रेमधली लोण्याची सुरी उचलली आणि चार स्क्रू काढून फळी खाली घेतली.

फळीच्या मागच्या बाजूला खडूनं काढलेला एक कान. खाली तारीख. आमच्या लग्नाच्या आदल्या दिवसाची.

आमच्या कारखान्याचा नियमच होता, भिंत बंद करणाऱ्यानं आतून खडूनं आपली खूण आणि तारीख घालायची, आणि बंद करण्याआधी आपली हत्यारं मोठ्यानं मोजायची. एक हातोडी, दोन पटाशी, तीन पक्कड... आणि या मोजणीबद्दल कारखान्यातल्या पोरांना सगळ्यात जास्त कोण झापायचं? मी! आणि त्या दिवशी माझं डोकं होतं दुसऱ्या दिवशीच्या लग्नात, पाच हत्यारं मोजली, तोंडानं सहा म्हटलं आणि भिंत बंद करून घरी गेलो. दोन खांबांच्या मध्ये उभा होता, शिसवी मुठीचा, मुठीवर कान. अडतीस वर्षं आतून टकटक करत होता बिचारा.

मला लाज वाटली. आणि लाज वाटल्यावर माणूस काय करतो? लपवतो! तो हातात घेतलाच होता, म्हटलं, पुन्हा आत टाकावा, फळी ठेवून चार स्क्रू लावावेत, कोण बघतंय...

"अहो."

मागे बघितलं. ती रिकामा कोट हातात धरून बसली होती.

"हातात काय आहे?"

मी म्हटलं, "लोण्याची सुरी."

"आणि दुसऱ्या हातात?"

तिनं तो घेतला. मुठीवरचा कान बघितला, फळीवरची तारीख बघितली. ओरडली असती तर बरं झालं असतं. फक्त म्हणाली, "दादाला फोन लावा." मी म्हटलं, अगं, घरी गेल्यावर सावकाश... "आत्ता."

लावला. काय करतो? म्हटलं, "सापडला. भिंतीत होता. भिंत मीच बंद केली होती. चुकलं माझं." मेहुणा म्हणाला, "आणून दाखव. हातात घेतल्याशिवाय मी मानणार नाही." मी म्हटलं, आणतो! घेऊन येतो! पायरीवर ठेवतो तुझ्या! बायकोनं डोळे पुसले, मलाही मोकळं वाटलं, म्हटलं, मिटलं एकदाचं.

कसलं मिटलंय! हातमोजेवाला धावत आला, एकाच हातात मोजा. "सर, ठोके बंद पडले!" मागून मॅनेजर, त्याच्यामागून आचारी, शेजारच्या डब्यातल्या दोन आजीबाई, सगळे भिंतीला कान लावून उभे! मॅनेजरनं हात जोडले, सर, पुढच्या वर्षापर्यंतची सगळी तिकिटं गेलीत, ते हत्यार जिथं होतं तिथं ठेवा. आणि ठेवलं तर आवाज येतो ठक! हातमोजेवाला म्हणतो, नाही सर, थोडा हलका होता. पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं, तिसऱ्यांदा बरोबर टक आलं आणि आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. फळी लावण्याआधी मी हत्यारं मोठ्यानं मोजली. एक, लोण्याची सुरी.

आता मेहुण्याला दाखवू काय? स्क्रूड्रायव्हर भिंतीत, भिंत गाडीत! म्हणजे मेहुण्याला गाडीत आणणं आलं. मॅनेजर खूश होता, त्यानं पुढच्याच फेरीला आपल्या राखीव दोन खुर्च्या देऊ केल्या, आणि बायकोनं अट पाळली हो, हातात हत्यार दिसलं होतं ना! खुर्च्या दोनच, तिला एक आणि दादाला एक. मला पण घेतलं, नाही असं नाही, ठोके बिघडले तर जवळ माणूस हवा म्हणून, बाहेरच्या बोळात, घडीच्या स्टुलावर.

आणि आत ती दोघं मखमलीवर, मेहुण्यानं मुठीवरचा कान बघून फळी पुन्हा माझ्याकडूनच लावून घेतलेली, चिमट्यानं बिस्किटं चाललीत, लहानपणीच्या गप्पा चालल्यात, चार वर्षांत बायको अशी हसलेली मी बघितली नव्हती, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. पण सांधा आला की भिंतीतून येतं टक, आणि टक झालं की मेहुणा दारातून डोकं बाहेर काढून मला विचारतो, "स्क्रूड्रायव्हर आणलास का?"

तीन दिवस! दर सांध्याला! आणि मी? स्वस्थ बसतो.