उजव्या बाजूचं ताट

मालिनी : हा डबा उघडून बघा जरा. यात सकाळी लाडू होते म्हणून सांगितलं तर कुणाला खरं वाटेल का? चक्क पिठलं झालंय!

अरुण : रंग मात्र झकास आलाय.

मालिनी : हसू नका हो. बेसन भाजून भाजून हात दुखला माझा. आणि जरा बाइकवरून शेजारच्या बूनटनपर्यंत चक्कर मारून आले तर ही गत. उद्या अदितीच्या त्या स्टेट कॉलेज गावाला पोचेपर्यंत काय उरेल? मुलांच्या हातावर चमच्याने वाढू का?

अरुण : डाव्या बॅगेतले कसे आहेत?

मालिनी : डावीकडचे ठणठणीत. चकल्यासुद्धा एक तुटली नाही. मुरमुऱ्यांत पुरून ठेवल्या होत्या ना. आई मला हॉस्टेलवर अशाच पाठवायची.

अरुण : मग तुझ्या लाडवांचा दोष नाही. सायलेन्सर उजवीकडे आहे आणि बॅग बरोबर त्याच्या डोक्यावर लटकतेय. चुलीवर डबा ठेवल्यासारखंच झालं ते.

मालिनी : हे आज सुचतंय? महिनाभर गॅरेजमध्ये ठोकाठोक चाललीये तुमची. इंजिनिअर ना तुम्ही?

अरुण : सॉफ्टवेअरचा, बाई. पण बॅगा कशा बसवल्यात ते तरी बघ. ही कळ दाबली की खट्‌कन हातात. जिना चढून थेट अदितीच्या अपार्टमेंटमध्ये. पिशव्या नकोत, काही नकोत.

मालिनी : ते छानच केलंत. नाही कोण म्हणतंय? काच लावलीत, हँडलला गरम मुठी बसवल्यात. पण लाडू?

अरुण : तेच सांगतोय. फराळ माझ्या कारमध्ये ठेवू. नाहीतरी मी मागून कारने येणारच आहे. तू मोकळ्या बॅगा घेऊन चालव.

मालिनी : मोकळ्या बॅगा घेऊन? मग मी जाऊ कशाला? शोभेला?

अरुण : अगं, चिडतेस काय?

मालिनी : चिडू नको तर काय करू? अदितीची ही घराबाहेरची पहिली दिवाळी. लॅब सोडून तिला येता येत नाही. तिथे धड दुकान नाही आपलं. तिने सगळ्या मित्रमैत्रिणींना सांगून ठेवलंय, माझी आई बाइकवरून फराळ घेऊन येतेय. बाइकवरून! आणि मागून तुम्ही कारचा दरवाजा उघडून डबे काढणार. मग तिथेही तेच होणार, जे इथे आपल्या मराठी मंडळात झालं.

अरुण : आलं परत मंडळ.

मालिनी : येणारच! गणपतीला गाडी घेऊन मी गेले. हेल्मेट माझ्या हातात, जॅकेट माझ्या अंगावर. आणि ग्रुपवर फोटो काय पडला? ‘अरुणरावांचं नवं वाहन, अभिनंदन!’ आणि तुम्ही काय केलंत?

अरुण : काय केलं?

मालिनी : नमस्काराचे हात टाकलेत त्याच्याखाली! दोन जोडलेले हात! ‘गाडी हिची आहे’ एवढं लिहायला बोटं झिजली असती का?

अरुण : अगं, लोक अभिनंदन करत होते, पटकन टाकले हात.

मालिनी : चोपन्नाव्या वर्षी कोर्स केला मी. पार्किंग लॉटमध्ये दोनदा पडले. ढोपर सुजलं तेव्हा बर्फ तुम्हीच धरलात. नागपुरात लूनावर गॅसचा सिलिंडर आणलाय या बाईने, सासूबाईंना दवाखान्यात नेलंय. ते कुणाला सांगायला गेले का मी? पण ही गाडी माझी आहे हो. एवढी एकच गोष्ट मला माझी म्हणून हवीये.

अरुण : चहा ठेवतेस?

मालिनी : आता चहा?

अरुण : तू चहा ठेव. मला अर्धा तास दे. आणि गॅरेजमध्ये येऊ नकोस.

(अर्ध्या तासाने. गॅरेजचं दार वर केलेलं आहे, उजवी बॅग काढून जमिनीवर ठेवली आहे.)

मालिनी : हा घ्या चहा. ड्रिलचा आवाज केवढा, शेजारी पोलीस बोलावतील... अहो! हे काय आहे?

अरुण : ताट. सायलेन्सर आणि बॅगेच्या मधे. खाली हवेला जागा ठेवलीये. आता गरमी वर चढत नाही. बॅग चढवून पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवून बघितलं, बॅगेला हात लाव.

मालिनी : माझ्या लग्नातलं ताट हे! मामांनी दिलेलं! याला भोकं पाडलीत तुम्ही?

अरुण : चार.

मालिनी : घरात दुसरा पत्रा मिळाला नाही तुम्हाला? इतकी वर्षं जपलंय मी ते. नागपूरहून इथे बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणलंय.

अरुण : पत्रा होता. पण त्याच्यावर नाव नव्हतं. वाक जरा. कडेला बघ, बाहेरच्या बाजूला.

मालिनी : ... ‘सौ. मालिनीस, मामांकडून.’

अरुण : बॅग चढवली की नाव झाकलं जातं. काढली की दिसतं. उद्या तू बॅगा घेऊन वर जाशील, गाडी खाली पार्किंगमध्ये उभी असेल. येणारा-जाणारा वाचेल.

मालिनी : तिथल्या गोऱ्यांना काय डोंबल वाचता येणार आहे?

अरुण : आपल्या पोरांना येईल की. मला येतं.

(मंडळातला तरुण देवांग गॅरेजच्या दारात येतो.)

देवांग : काका! ओ काका! वॉव, काय मस्त दिसतेय यार! बायकोला फोटो दाखवलेला मी मंडळातला. अरुणकाकांची बाइक बघ म्हटलं, या वयात. फुल रिस्पेक्ट!

अरुण : देवांग, ये आत. मराठी वाचता येतं ना तुला?

देवांग : काय काका, डोंबिवलीचा आहे मी.

अरुण : मग ते ताट वाच. मोठ्याने.

देवांग : ‘सौ. मालिनीस, मामांकडून.’ म्हणजे... काकू, ही तुमची? तुम्ही चालवता?

अरुण : मंडळात फोटो पडला तेव्हाही तीच चालवत होती. तिथे चुकीचं लिहिलं होतं. उद्या स्टेट कॉलेजला निघालीये, एटी हायवेवरून, दोन बॅगा भरून. हे ग्रुपवर टाक. माझं नाव सांगून टाक.

देवांग : आत्ता टाकतो! सॉरी काकू, मला खरंच... पण मग हा मागच्या सीटला पाठ टेकायला गादीवाला टेकू कशाला? सामान बांधायला?

मालिनी : टेकू? कुठला टेकू? हा कधी लावलात?

अरुण : आणला परवा, तू भाजीला गेली होतीस तेव्हा. लावला आत्ता, तू चहा ठेवलास तेव्हा.

देवांग : पण कुणासाठी, काका?

अरुण : माझ्यासाठी. मी हिच्या मागे बसतो.

मालिनी : आणि कार?

अरुण : कार इथेच राहील. तू माझ्या स्कूटरवर मागे बसून वर्षं काढलीस, मांडीवर अदिती घेऊन. कुठे धरू म्हणून कधी विचारलं नाहीस. मला मात्र विचारावं लागेल.

मालिनी : देवांग, ती बॅग दे रे इकडे, लाडू परत वळायला घ्यायचेत. आणि अहो, सकाळी स्वेटर आतून घाला. मी भरभर चालवते.